छताखालची बॉर्डर आणि तिच्यामागची भिंत

प्रश्न : आम्ही ठाण्यात १९९८ साली बांधलेल्या इमारतीतील दोन बेडरूमचा फ्लॅट यंदा रीसेलमध्ये घेतला. आधीच्या मालकांनी हौसेने वॉलपेपरच्या बॉर्डर लावून घेतल्या होत्या. आमच्या झोपण्याच्या खोलीत छताखाली वेलबुट्टीची, प्लास्टिकसारखी गुळगुळीत पट्टी आहे. मुलाच्या खोलीत कमरेच्या उंचीवर कार्टूनची स्टिकरसारखी पट्टी आहे. आणि हॉलमध्ये ऑइलपेंटच्या भिंतीवर कागदी नक्षी आहे. झोपण्याच्या खोलीत मी एक कोपरा ओढून पाहिला, तेव्हा वरचा पापुद्रा निघाला, पण खाली तपकिरी कागद तसाच राहिला. आणखी जोर लावल्यावर रंगासकट पांढरा पोपडा हातात आला. रंगारी म्हणतात, “काढू नका ताई, वरून पुट्टी मारून देतो.” मिस्टर वाफेचे यंत्र मागवण्याच्या विचारात आहेत. गणपती दीड महिन्यावर आले आहेत आणि घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर :

स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी गोष्ट आहे तो पांढरा पोपडा. बॉर्डर कशी निघेल हे बॉर्डरपेक्षा ती ज्या भिंतीवर चिकटवली आहे तिच्यावर अवलंबून असते, आणि आपल्या तीन खोल्यांतील भिंती सारख्या दिसत नाहीत. एकच उपाय तिन्ही ठिकाणी केला, तर हॉलमध्ये तो छान लागू पडेल आणि झोपण्याच्या खोलीत भिंत खराब करून ठेवील. म्हणून यंत्र मागवण्याआधी आणि रंगाऱ्याला होकार देण्याआधी आधी भिंत ओळखून घ्यावी.

ही ओळख पटवायला फारसे काही लागत नाही. बॉर्डरपासून थोडे दूर, कपाटामागे किंवा दाराआड, ओल्या पांढऱ्या फडक्याने भिंत घासून पाहावी. फडक्याला रंग लागला तर ते डिस्टेंपर आहे, आणि त्यावर पाण्याचा वापर फार जपून करावा लागेल. रंग लागला नाही, पण पाणी भिंतीवर मंदपणे शोषले गेले, तर बहुधा इमल्शन असेल. पाणी थेंबाथेंबाने खाली ओघळले आणि भिंतीला चकाकी असेल, तर ऑइलपेंट समजावे. त्यानंतर जिथे पोपडा निघाला आहे तिथे खालचा थर नखाने खरवडावा. तो पांढरा, मऊ आणि पिठासारखा सुटत असेल तर भिंतीवर पीओपीचे पनिंग, म्हणजे गिलाव्यावर दिलेला पातळ गुळगुळीत थर, केलेले आहे, जे मुंबई-ठाण्याच्या त्या काळातील बांधकामात सर्रास आढळते. करडा, कडक आणि नखाला दाद न देणारा असेल तर तो सिमेंटचा गिलावा होय. पीओपी म्हणजे जिप्सम, आणि जिप्सम भिजले की त्याची ताकद घटते. सुकल्यावर ती बऱ्याच अंशी परत येते, पण भिजलेल्या अवस्थेत त्यावर खरवडायचा पत्रा चालवला तर खड्डे पडतात. आपण कोरड्या भिंतीवर जोर लावलात तरी पोपडा निघाला, याचा अर्थ तिथला रंग मुळातच पीओपीला नीट धरून नव्हता. त्यात आपली चूक नाही.

आता रंगाऱ्यांच्या सूचनेबद्दल. ती सोयीची आहे आणि पहिले काही आठवडे दिसायलाही बरी वाटते. पण पुट्टीत पाणी असते, ते पाणी बॉर्डरच्या कडांमधून आत शिरते, खालचा गोंद फुगतो आणि सुकताना पट्टी जागोजागी भिंत सोडते. झोपण्याच्या खोलीतील पट्टीसारख्या व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, गुळगुळीत पृष्ठभागावर पुट्टी पुरेशी पकड घेत नाही. शिवाय पट्टीच्या दोन्ही कडा रंगाखालून सरळ रेघांसारख्या दिसत राहतात; संध्याकाळी दिवा लावला की त्या अधिकच उठून दिसतात. पुढे कधी ती पट्टी काढायची वेळ आली, तर वर चढलेल्या पुट्टीमुळे पाणी खालच्या गोंदापर्यंत पोचणारच नाही, आणि मग छिन्नी घेण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. भाड्याच्या घरात अकरा महिन्यांपुरते राहायचे असते तर मी कदाचित दुर्लक्ष करा असे म्हटले असते. स्वतःच्या घरात झाकपाक करू नये.

वाफेच्या यंत्राची गरज नाही. संपूर्ण भिंतींवर जुना कागद असतो तेव्हा ते कामाला येते. चार-सहा इंची पट्ट्यांसाठी त्याचा उपयोग थोडा आणि धोका जास्त. व्हिनाइलमधून वाफ आत जात नाही, आणि पीओपीवर एकाच जागी वाफ धरली तर पनिंग फुगून सुटते. कपड्यांना वाफ देण्याचे साधन घरात असेलच, तर हॉलमधील एखाद्या हट्टी तुकड्यापुरते ते जरूर वापरावे.

सर्वांत आधी हॉलमधील कागदी बॉर्डर काढायला घ्यावी, कारण ऑइलपेंट पाणी आत जाऊ देत नाही आणि चुकायला तिथे वाव कमी आहे. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घालावा. साबणामुळे गोंद विरघळत नाही, पण पाणी कागदावरून न घरंगळता त्यात मुरते. पाणी कोमटच असावे, उकळते नव्हे, आणि त्यालाही कारण आहे. वॉलपेपर चिकटवायच्या गोंदाच्या तयार भुकटीत पुष्कळदा मेथिल सेल्युलोज असते, जे थंड किंवा कोमट पाण्यात विरघळते आणि कडकडीत पाण्यात उलट घट्ट होते. पिष्टमय खळ असेल तर तिला कोमट पाणी चालतेच. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून, या पाण्यात भिजवून, हलक्या पिळून बॉर्डरवर चिकटवाव्यात आणि पंधरा-वीस मिनिटे तशाच राहू द्याव्यात. त्या सुकू लागल्या की वरून पुन्हा स्पंज फिरवावा. कागद गडद झाला आणि नखाने ढकलताच सायीसारखा सरकू लागला, म्हणजे तो तयार झाला. तोवर पत्र्याला हात लावू नये. या कामात बहुतेक नुकसान घाईमुळेच होते. पाणी आपले काम करीत असताना माणसाला धीर निघत नाही, आणि अर्धवट भिजलेला कागद खरवडताना पत्र्याचे टोक भिंतीत रुतते.

पुट्टी लावायचा पत्रा नवा कोरा असेल तर त्याची दोन्ही टोके पॉलिश पेपरवर घासून किंचित गोल करून घ्यावीत, आणि तो भिंतीला जवळजवळ समांतर धरून पुढे सरकवावा. प्लास्टिकचा मिळाला तर आणखी चांगले. खाली ओघळणारे पाणी लगेच टिपून घ्यावे, कारण त्यात गोंद असतो आणि सुकल्यावर त्याचे चकाकणारे ओघळ भिंतीवर राहतात. कागद कुठे दादच देत नसेल, तर त्या जागी फेविकॉल वापरलेला असण्याची शक्यता आहे. आपल्याकडील कारागीर पकड वाढावी म्हणून खळीत अनेकदा फेविकॉल मिसळतात. तिथे पाण्यात एक वाटी पांढरे व्हिनेगर घालावे आणि हेअर ड्रायरची ऊब द्यावी. पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो.

झोपण्याच्या खोलीत रीत वेगळी. तिथे आधी कोरडे काम, मग अगदी थोडे पाणी. वरचा गुळगुळीत पापुद्रा व्हिनाइलचा आहे आणि तो निघाला हे चांगलेच झाले, कारण तो असेपर्यंत पाणी आत जात नाही. जिथे तो सुटला आहे तिथून त्याला धरावे आणि स्वतःकडे न ओढता भिंतीला लागून, दुमडून, मागच्या मागे सावकाश सोलत जावे. स्वतःकडे ओढल्यास सारा ताण भिंतीतील रंगावर येतो. मागे दुमडून सोलल्यास तो पापुद्रा आणि कागद यांच्यामधल्या जोडावर येतो. संपूर्ण खोलीतील पापुद्रा असा कोरडाच काढून घ्यावा. मागे उरलेल्या तपकिरी कागदावर ओल्या साडीच्या पट्ट्या लावू नयेत. घट्ट पिळलेला स्पंज फिरवावा, पाचेक मिनिटे थांबावे, पुन्हा फिरवावा, आणि एका वेळी दोन-अडीच फुटांपलीकडे जाऊ नये, म्हणजे भिजलेला भाग सुकण्याआधीच कागद निघेल आणि खालचे पीओपी फार वेळ ओले राहणार नाही. तरीही काही जागी पोपडे येतील. येऊ द्यावेत. जो रंग इतक्या सहज सुटतो, तो नव्या रंगाचे वजन पेलणार नव्हताच. सैल झालेले सारे पोपडे आताच पाडून टाकावेत आणि उरलेल्या घट्ट रंगाची कड वॉटर पेपरने, म्हणजे ओला करून घासता येणाऱ्या पॉलिश पेपरने, उतरती करून घ्यावी.

मुलाच्या खोलीतील पट्टीला मात्र पाणी लावूच नये. स्टिकरचा गोंद पाण्याला बधत नाही, पण उष्णतेपुढे नमतो. हेअर ड्रायर सहा इंचांवरून सतत हलता ठेवावा, हातभर भाग कोमट झाला की टोक उचलावे आणि तसेच मागे दुमडत सोलावे. भिंतीवर जो चिकटा राहील, त्यासाठी घरोघरी खोबरेल तेल किंवा रॉकेल सुचवले जाते. ऑइलपेंटवर तेल चालते, नंतर साबणाच्या पाण्याने ते नीट धुवून काढता येते. डिस्टेंपर किंवा पीओपीवर तेल आत मुरते आणि त्याचा डाग पुढच्या रंगातून वर येतो, म्हणून तिथे चिकटा बोटाने किंवा खोडरबराने गोळ्या करूनच काढावा. रॉकेल आणि थिनर बंद खोलीत, त्यातही लहान मूल असलेल्या घरात, वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कमरेच्या उंचीची पट्टी असल्याने ती स्विचबोर्डांपाशी नक्की गेली असेल, आणि बसवणाऱ्याने तिचे टोक स्विचच्या प्लेटखाली खोचले असेल. प्लेटच्या कडेने ती कापून सोडून देऊ नये, कारण तो उरलेला तुकडा पुढे रंगासकट उचलला जातो. एमसीबी बंद करावा, टेस्टरने खात्री करावी, प्लेटचे स्क्रू सैल करून तुकडा पूर्ण काढावा. ड्रायरसाठी दुसऱ्या खोलीतून वायर आणावी. छताखालच्या कामाला रंगाऱ्याचा घोडा किंवा घडीची शिडीच घ्यावी; पलंगावर स्टूल ठेवू नये.

आता मुलाबद्दल. आपली इमारत १९९८ सालची आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांमागे ९० भागांच्या आत ठेवण्याचे बंधन घालणारे केंद्र सरकारचे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः चकचकीत ऑइलपेंटमध्ये, शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. भिंतीवर स्वस्थ असताना तो रंग फारसा त्रास देत नाही. तो कोरडा घासला की त्याची धूळ होते, ती जमिनीवर बसते, आणि दोन वर्षांचे मूल जमिनीवर हात टेकून तोच हात तोंडात घालते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसे थोड्या प्रमाणातही अपाय करते. म्हणून हॉलमध्ये मशीन लावून किंवा कोरड्या पॉलिश पेपरने घासकाम मुळीच करू देऊ नये. घासायचेच तर वॉटर पेपर ओला करून घासावे, खाली प्लास्टिक अंथरावे, काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावे आणि ते फडके फेकून द्यावे. कामाच्या दिवशी मुलाला आजीकडे पाठवता आले तर उत्तम. घरात कोणी गरोदर असेल तर तिनेही त्या खोलीत थांबू नये. रंगारी या सूचनेला हसतील. हसू द्यावे.

बॉर्डर निघाली की भिंत मोकळी दिसते आणि तिथेच अनेकजण काम संपले असे समजतात. वास्तविक छताखालच्या बॉर्डरमागे काय निघते ते पाहण्यासारखे असते. आपल्या इमारतींमध्ये आरसीसीचा बीम आणि त्याखालची विटांची भिंत यांच्या जोडावर बारीक आडवी भेग पडणे नेहमीचे आहे. दोन्हींचे आकुंचन-प्रसरण सारखे नसते. छताखाली पट्टी लावण्याचा आग्रह पुष्कळदा ही भेग लपवण्यासाठीच असतो. नुसत्या पुट्टीने ती भरली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तीच रेघ पुन्हा उमटेल. भेग पत्र्याच्या टोकाने थोडी रुंद करावी, धूळ झाडावी, लवचीक ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरावा, वर फायबर जाळीची टेप लावावी आणि मगच पुट्टी ओढावी.

दुसरी शक्यता बुरशीची. व्हिनाइल भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही, त्यामुळे बाहेरच्या भिंतीवर, त्यातही पावसाचा मारा घेणाऱ्या बाजूला, पट्टीखाली काळे ठिपके सापडतात. ते थोडे असतील तर पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने पुसून, खिडकी उघडी ठेवून सुकवावेत. मात्र ज्या भिंतीवर व्हिनेगर वापरले आहे ती आधी साध्या पाण्याने पूर्ण पुसून घ्यावी; ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ठिपके पुन्हा येत असतील किंवा भिंत हाताला सतत गार-ओलसर लागत असेल, तर ती गळती आहे आणि रंगाने ती थांबणार नाही. बाहेरून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. फोटो काढून, लेखी अर्ज देऊन, त्याची पोच घ्यावी.

यानंतर गोंद धुण्याचे काम येते, जे कंटाळवाणे असल्यामुळे नेमके टाळले जाते. भिंत वरवर स्वच्छ दिसत असली तरी खळीचा पातळ थर तिथे असतोच, आणि त्यावर पाण्यात मिसळायचा रंग लावला की सुकताना तो थर आक्रसून रंगाला जाळीदार भेगा पाडतो. टॉर्च भिंतीला लावून आडवा धरावा. चकाकणारे पट्टे म्हणजे गोंद. ओल्या बोटाला बुळबुळीत लागले तरीही गोंद. स्पंज धुतलेल्या पाण्यात जखमेवर लावायच्या आयोडिनचे दोन थेंब टाकूनही कळते. पाणी निळे-काळे झाले तर पिष्टाची खळ अजून निघते आहे. रंग बदलला नाही तरी टॉर्चची तपासणी सोडू नये, कारण सेल्युलोजच्या खळीला आयोडिन निळे करीत नाही. हॉलमध्ये दोन-तीन वेळा पाणी बदलून पुसावे. पीओपीवर इतके पाणी परवडणार नाही, म्हणून तिथे एकदा पुसून, पूर्ण सुकवून, उरलेला अंश थिनरमध्ये कालवायच्या प्रायमरखाली बंद करून टाकावा. हा प्रायमर वास मारतो; तो लावतील तेव्हा मूल घरात नसावे आणि रात्री त्या खोलीत झोपू नये.

मागच्या मालकांनी बॉर्डर न काढताच मधल्या काळात एकदा-दोनदा रंग दिला असेल, तर पट्टीच्या जागी भिंत खोलगट आणि कडेला रंगाचा उंचवटा मिळेल. तो केवळ पट्टीच्या रुंदीत पुट्टी भरून जात नाही. खालच्या बाजूला आठ-दहा इंचांपर्यंत उतरती पुट्टी ओढावी लागते, पातळ दोन हात. आणि रंग फक्त त्या पट्टीपुरता देऊ नये. जुना रंग विटलेला असतो, त्यामुळे शेड क्रमांक तोच घेतला तरी ठिगळ दिसते. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवावी. हॉलमधील ऑइलपेंटवर इमल्शन द्यायचे असेल तर आधी ओल्या वॉटर पेपरने चकाकी मारून प्रायमर द्यावाच लागेल, नाहीतर नवा रंग सालीसारखा निघेल.

राहता राहिला गणपतीचा प्रश्न. बॉर्डर काढण्याचे काम आताच करावे. पावसाळी हवेत ओला केलेला कागद लवकर सुकत नाही, त्यामुळे हे दिवस त्या कामाला एका अर्थी बरेच आहेत. पण पुट्टी, प्रायमर आणि रंग गणपतीआधी उरकण्याचा हट्ट धरू नये, असे मी सांगेन. श्रावणातल्या हवेत भिंतीतील ओल पंखा लावूनही आठवडाभर रेंगाळते, आणि ओल्या भिंतीवर चढवलेली पुट्टी दिवाळीपर्यंत फुगे धरते. हॉलमध्ये जिथे मखर मांडायचे असेल त्यामागची भिंत तशीही दिसत नाही. उरलेल्या ठिकाणी धुतलेली, स्वच्छ, रंगाविना भिंत पाहुण्यांनी पाहिली तर काही बिघडत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडून पाऊस बहुधा परततो. दसरा झाला, चार कडक उन्हे पडली, की रंगाऱ्यांना बोलवावे.

त्यांच्याशी दर ठरवताना बॉर्डर आधीच काढलेली आहे, हे सांगून त्याचे पैसे वगळायला लावावे. क्रॅक फिलर व जाळीची टेप, दोन हात पुट्टी, थिनरचा प्रायमर आणि दोन हात रंग असे चारही टप्पे चौरस फुटाच्या दरात धरले आहेत की नाही हे कागदावर लिहून घ्यावे, आणि प्रायमरचा डबा आपल्यासमोरच उघडायला सांगावा.